आईच्या हार्टचा फुगा उतरला म्हणतात, पण टेन्शनचं हार्मोन आत नक्की करतं तरी काय?

दूधगंगाकाठ:

नमस्कार मंडळी. जरा लांबण लागेल, पण मुळापासून सांगितल्याशिवाय प्रश्न कळायचा नाही.

आमचं गाव निपाणी तालुक्यात, दूधगंगेच्या काठाला. श्रावणात माझा मोठा मामा गेला. ऊस बघून येतो म्हणून सकाळी घरातनं निघाला आणि दुपारी ट्रॅक्टरमधनं आणला. राखीपौर्णिमा चार दिवसांवर होती, आईनं राखी आणून देव्हाऱ्यात ठेवलेली. आई ५९ वर्षांची, मामाची एकुलती बहीण. तीन दिवस ती रडलीसुद्धा नाही धड. तिसऱ्या दिवशी रक्षाविसर्जन करून आलो आणि आई उंबऱ्यातच मटकन बसली. घाम सुटलेला, छातीवर पाटा ठेवल्यागत होतंय म्हणाली. निपाणीत ईसीजी काढला. डॉक्टर म्हणाले अॅटॅक आहे, थांबू नका, बेळगाव गाठा.

बेळगावात लगेच अँजिओग्राफी झाली. एकही नळी बंद नाही! मग एको केला, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी. हृदयाचं खालचं टोक फुग्यासारखं फुगलेलं आणि पंपिंग, म्हणजे दर ठोक्याला कप्प्यातलं जेवढं रक्त बाहेर जातं ते, ३० टक्के. डॉक्टरांनी एक जपानी नाव सांगितलं, ताकोत्सुबो. सहा आठवड्यांनी परत एको केला तर पंपिंग ५८. म्हणाले, बरं झालं, गोळ्या चालू ठेवा, टेन्शन घेऊ देऊ नका.

आता माझे प्रश्न दोन.

पहिला आईचा. ब्लॉक नव्हता हे कळल्यापासून घरात कुजबुज सुरू आहे. काकू तर शेजारी जाऊन म्हणाली, नळी मोकळी होती तर अॅटॅक कसला, भावाच्या नावानं सोंग घेतलं. आईच्या कानावर ते गेलं. तेव्हापासून ती दम लागला तरी बोलत नाही. मला कुणीतरी नीट सांगा, हे खरोखर हृदयात घडतं का? आणि ५८ म्हणजे पहिल्यासारखं झालं का?

दुसरा माझा. मी ३४. २०१९ च्या ऑगस्टात पुराचं पाणी घरात आलं, भिंत गेली, दोन एकर ऊस कुजला. कर्ज काढून उभं राहतोय तोवर २०२१ ला परत पाणी. तेव्हापासून हप्ते, हातउसने आणि पतसंस्थेचे फोन. फोन वाजला की काळजात धस्स होतं, कानात ठोके ऐकू येतात. कामाला पलीकडं कागलच्या एमआयडीसीत फौंड्रीत आहे, महिन्यातनं दोन आठवडे रात्रपाळी. कंपनीच्या तपासणीत बीपी १५२/९८ निघालं. आईला एका धक्क्यानं जे झालं तेच मला हळूहळू होतंय काय? का ही दोन वेगळी दुखणी? "टेन्शन घेऊ नका" सोडून काहीतरी सांगा. घेत नाही हो मी, घरपोच येतंय.

सकाळचा फेरफटका:

अर्जुनसालीचा काढा, अनुलोम-विलोम, रात्री लवकर जेवण. आणि टेन्शनचं म्हणाल तर सीमाभागातल्या माणसाला त्यात नवीन काय? १९५६ पासून घेऊनच बसलोय. काळजी घ्या.

एकोवाले काका, वडगाव:

मी डॉक्टर नाही, हे आधीच सांगतो. एकतीस वर्षं एकोच्या मशीनपुढं अंधाऱ्या खोलीत बसलो, लोकांच्या बरगड्यांवर जेली लावून. आता निवृत्त आहे. औषध कुठलं घ्यायचं ते मी सांगणार नाही, ते तुझ्या डॉक्टरांनी सांगायचं. पण आत काय दिसतं ते सांगू शकतो.

काकूंना एवढंच विचार, की आईचं ट्रोपोनिन किती होतं. फाइलमध्ये असेल. हृदयाच्या पेशीला इजा झाली की ते रक्तात सांडतं. सोंग घेणाऱ्याचं ट्रोपोनिन वाढत नाही. ईसीजीही बदलत नाही.

ताकोत्सुबो हे जपानमधल्या मडक्याचं नाव. ऑक्टोपस धरायला समुद्रात सोडतात, तोंड चिंचोळं आणि पोट गोल. आईच्या डाव्या कप्प्याचा वरचा भाग जोरात आवळत होता आणि टोक गप्प पडून फुगलं होतं. त्या क्षणाचं चित्र त्या मडक्यासारखंच दिसतं. १९९० मध्ये जपानी डॉक्टरांनी हे नाव ठेवलं. दहातल्या नऊ जणी बायका, बहुतेक पाळी गेल्यानंतरच्या. इस्ट्रोजेन असतं तोवर काहीतरी संरक्षण असावं असं मानतात.

होतं काय, तर असं. धक्का बसला की मेंदू दोन वाटांनी हृदयाला निरोप पाठवतो. एक वाट नसांची. त्या थेट हृदयाच्या स्नायूत येऊन संपतात आणि तिथंच नॉरअॅड्रेनलिन सोडतात. दुसरी रक्तातली. दोन्ही किडन्यांच्या डोक्यावर एकेक ग्रंथी असते, वजन जेमतेम अर्धा तोळा, पण पिळली की अॅड्रेनलिन सांडते. ही रसायनं हृदयाच्या पेशीवरच्या बीटा रिसेप्टर नावाच्या कुलपांत बसतात आणि पेशीत कॅल्शियम शिरतं. कॅल्शियम आलं की स्नायू आवळतो. थोडं जास्त आलं की जोरात आवळतो. बैल उधळला तर पळता यावं, त्यासाठीचीच ही सोय आहे, वाईट काही नाही. पण भलतंच आलं तर पेशीला पेटका येतो, ती सैलच पडत नाही. काही पेशी तिथंच मरतात, बाकीच्या बधिर होतात. टोकाकडं ही कुलपं जास्त, म्हणून मार टोकाला. एक समजूत अशीही आहे की अॅड्रेनलिन हाताबाहेर गेलं की तीच कुलपं उलटी फिरतात आणि पेशीला थांबवतात, जळून जाऊ नये म्हणून. फ्यूज उडतो तसं.

२००५ मध्ये अमेरिकेत अशा १९ रुग्णांचं रक्त तपासलं. नेहमीच्या मोठ्या अॅटॅकच्या रुग्णांत ही रसायनं जेवढी असतात, त्याच्याही दोन-तीन पट यांच्यात निघाली. म्हणजे नळी मोकळी असून अॅटॅकपेक्षा जास्त वादळ. काकूंना हेही सांग, पटलं तर पटलं, नाहीतर इरली बिडी, म्हणजे राहू दे, सोड.

आणि दुःखच लागतं असं नाही. माझ्यासमोर एक बाई मुलीच्या लग्नाच्या हळदीच्या अंगानं आलेली. सगळं आनंदात चाललेलं, नवरदेव दारात आला आणि हिच्या छातीत कळ. एको लावला तर तेच मडकं. मी तिला गमतीनं म्हटलं, वैनी, जावई फारच पसंत पडलेला दिसतो. तिच्या भावानं माझ्याकडं असं बघितलं की पुढची दहा वर्षं मी पेशंटपुढं विनोद केला नाही.

आता ५८ चं. आईच्या बहुतेक पेशी मेल्या नव्हत्या, बधिर झाल्या होत्या. म्हणून पंपिंग परत आलं. चांगलंच आहे. पण तो एक आकडा म्हणजे सगळं हृदय नव्हे. काही जणींना आकडा सुधारल्यावर वर्षभरसुद्धा दम, थकवा राहतो, आणि बारकाईनं तपासलं तर स्नायूचं आवळणंही पूर्ण परतलेलं नसतं. तेव्हा आई दमतेय आणि बोलत नाही हे मला आवडलेलं नाही. पुढच्या तपासणीला तू सांग तिच्या वतीनं. थोड्या जणींना हे परतही होतं, म्हणून छातीत दुखलं तर "मागच्यासारखंच असेल" म्हणून घरी बसायचं नाही. खरा अॅटॅक आणि हे, बाहेरनं सारखेच दिसतात.

तुझं दुखणं वेगळं आणि सारखंही. रसायनं तीच, वाहण्याची तऱ्हा वेगळी.

फोन वाजला, अॅड्रेनलिन सुटलं. ते दोन-चार मिनिटांत ओसरतं. मागोमाग कॉर्टिसॉल येतं, त्याच ग्रंथीच्या सालीतनं. ते सावकाश चढतं, वीस-तीस मिनिटांनी शिखराला जातं आणि तास-दीड तास रेंगाळतं. कॉर्टिसॉलचा एक गुण असा की ते रक्तवाहिन्यांना अॅड्रेनलिनसाठी हळवं करून ठेवतं. म्हणजे पुढच्या फोनला तेवढ्याच अॅड्रेनलिननं बीपी जास्त उडतं. दिवसाला एक फोन असता तर काही बिघडलं नसतं. पाच फोन, मग रात्रपाळी, मग दुपारी पत्र्याखाली न लागलेली झोप. नळ बंदच होत नाही, खरी अडचण ती. अॅड्रेनलिन वाईट नाही, ते न ओसरणं वाईट.

हृदय स्वतःचं रक्त कधी पितं माहीत आहे? सैल पडल्यावर. आवळलेलं असताना डाव्या कप्प्याच्या भिंतीतल्या नळ्या दाबल्या जातात. मिनिटाला ७० ठोके असताना सैल पडायला अर्ध्या सेकंदाहून जरा जास्त वेळ मिळतो. १२० झाले की तो वेळ निम्म्याखाली येतो. काम दुप्पट आणि जेवायची सुट्टी निम्मी. आमच्या घरी चार माग होते, वडील म्हणायचे माग तुटतो तो वेगानं नाही, तेल घालायला न थांबल्यानं.

वर्षानुवर्षं असं चाललं की हृदयाचं मांसच बदलायला लागतं. एक, बीपीविरुद्ध ढकलून ढकलून भिंत जाड होते. दहा मिलिमीटरच्या आसपास असायला हवी ती तेरा मोजलेली मी किती पाहिली असतील. पंपिंग बघावं तर ६०, रिपोर्ट वाचणारा खूश. पण सैल पडताना भिंत कुचमते, रक्त आत यायला वेळ लागतो. ते आधी दिसतं, पंपिंग नंतर पडतं. जिना चढताना दम लागतो तो तिथनं.

दोन, धागा आणि रफू. हृदयाच्या पेशी जवळजवळ नव्यानं होत नाहीत. पूर्वीच्या अणुचाचण्यांमुळे हवेत जो किरणोत्सारी कार्बन वाढला होता, त्यावरनं शास्त्रज्ञांनी २००९ मध्ये पेशींचं वय काढलं. पंचविशीत वर्षाला फक्त एक टक्का पेशी बदलतात, म्हातारपणी त्याच्याही निम्म्या. म्हणजे एखादी मेली की तिथं शरीर रफू करतं, कोलॅजनच्या धाग्यानं. आम्ही वडगावची विणकर माणसं, रफू कसं असतं ते सांगायला नको. भोक बुजतं, पण तिथं कापड ताणत नाही. हे रफू हृदयात आवळतही नाही आणि विजेचा निरोपही नीट पुढं नेत नाही, म्हणून ठोके चुकतात.

आणि पेशी न मरताही मधल्या मधे धागे साचतात. त्याला अल्डोस्टेरॉन नावाचं तिसरं हार्मोन कारण. गंमत अशी की कॉर्टिसॉल त्याच्याच कुलपात बसतं. किडनीत दारावर राखणदार आहे, एक एन्झाइम, तो कॉर्टिसॉलला आत येऊच देत नाही. हृदयाच्या स्नायूत तो राखणदार नसल्यातच जमा. कॉर्टिसॉल जास्त असलं तर हृदयाचं काय होतं ते कुशिंग नावाच्या आजारात दिसतं. त्यात ग्रंथी बिघडून कॉर्टिसॉल सतत पाझरतं. बीपी, साखर, जाड भिंत, सगळं हजर.

तीन, कुलपंच कमी होतात. तू पतसंस्थेच्या फोनला वैतागून मोबाइल सायलेंटवर टाकत असशील. पेशीही तेच करते. सारखा अॅड्रेनलिनचा ठोठावा सुरू राहिला की ती बीटा रिसेप्टर आत ओढून घेते. १९८२ मध्ये अमेरिकेत थकून गेलेली हृदयं तपासली तर ही कुलपं निम्म्यावर आलेली. मग खरंच गरज असते तेव्हा, ओझं उचलताना, निरोप पोचत नाही.

तुझं इथवर गेलं असेल असं मी म्हणत नाही. ३४ व्या वर्षी बहुतेक नसेलच. पण रस्ता तो आहे.

आणि दोन प्रश्न माझे. तू तंबाखू खातोस काय? आणि आई मिश्री लावते काय? निपाणीच्या माणसाला हे विचारायला लाजू नये, म्हणून विचारतो.

दूधगंगाकाठ:

काका, तुमचं लिहिणं आईला वाचून दाखवलं. मडक्याचं ऐकून पहिल्यांदा हसली. काकूला ट्रोपोनिनचा कागद दाखवला, ती म्हणाली मला काय कळतंय त्यातलं. पण गप्प बसली.

होय, मी तंबाखू खातो. टेन्शन आलं की चिमूट, नाहीतर डोकंच चालत नाही. आणि आई चाळीस वर्षं मिश्री लावते. दिवसातनं तीनदा. वखारीत तंबाखू निवडायला जायची तेव्हापासून. ते पण धरायचं काय यात? मिश्री तर नुसती दातांना.

अजून एक. एका लॅबच्या पोरानं "स्ट्रेस हार्मोन पॅकेज" म्हणून कॉर्टिसॉलची तपासणी सांगितली आहे, महाग आहे. करू का? आणि जेवढं धागे-रफू झालं असेल ते परत निघतं का?

एकोवाले काका, वडगाव:

पॅकेज नको. तो पैसा हप्त्यात घाल.

कॉर्टिसॉल सकाळी उठल्यावर शिखराला असतं आणि मध्यरात्री तळाला. तू रात्रपाळीवाला, तुझं घड्याळच उलटं. एका सुईच्या एका आकड्यावरनं गेल्या चार वर्षांचं टेन्शन कुणाला मोजता येत नाही. डॉक्टर ही तपासणी सांगतात ती कुशिंगसारख्या ग्रंथीच्या आजाराची शंका असली तर. त्यापेक्षा दंडाला बांधायचं बीपीचं मशीन घे. पाच मिनिटं गप्प बसून, पाठ टेकून, हात छातीच्या उंचीला ठेवून, तंबाखू न खाता. सकाळ-संध्याकाळ आठवडाभर, वहीत लिहून. घरचं सरासरी १३५/८५ च्या वर राहिलं तर वही घेऊन डॉक्टरांकडं. एको करायचा का ते तेच ठरवतील. कंपनीच्या तपासणीत रांगेत उभं राहून घेतलेल्या एका मापावर मी फार विसंबत नाही, पण ९८ हे सोडून देण्यासारखंही नाही.

तंबाखूचं स्पष्ट सांगतो, राग मानू नको. निकोटीन थेट त्या अर्ध्या तोळ्याच्या ग्रंथीला जाऊन पिळतं. अॅड्रेनलिन सुटतं, ठोके वाढतात, बीपी चढतं. मग बरं का वाटतं? तर मागच्या चिमटीची तलफ जाते म्हणून. तंबाखूनं जे टेन्शन आणलं तेच ती घालवते, वर कौतुक स्वतःचं करून घेते. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच. हिरड्यांतनं निकोटीन रक्तात उतरतं. ज्या बाईच्या हृदयाला अॅड्रेनलिनचा मार बसला, ती दिवसातनं तीनदा स्वतःच्या बोटानं ते वाढवतेय. एकदम सुटायची नाही, चाळीस वर्षांची सवय. डॉक्टरांना सांगून कमी करा.

परत निघतं का? रफू निघत नाही. पण जाड झालेली भिंत बीपी ताब्यात राहिलं तर पातळ होते, मी त्याच माणसाची दोन वर्षांच्या अंतरानं मापं घेऊन पाहिलीय. मधले धागेही काही प्रमाणात विरतात. कुलपं परत वर येतात, यावर तर एक भारी गोष्ट आहे. आम्ही नोकरीला लागलो तेव्हा हृदय कमजोर असेल तर बीटा ब्लॉकर, म्हणजे ही कुलपं झाकून ठेवणारी गोळी, द्यायची नाही, असा नियम होता. आधीच थकलेलं, त्याला आणखी कशाला दाबायचं! स्वीडनमध्ये गोटेनबर्गच्या डॉक्टरांनी १९७५ मध्येच उलटं लिहिलं होतं, लोकांनी मनावर घेतलं नाही. १९९९ मध्ये दोन मोठ्या चाचण्यांचे निकाल आले. मृत्यू एक तृतीयांशानं कमी. थकल्या बैलाला चाबूक मारू नका, विसावा द्या, तो आपोआप चालतो. तोवर वीस-पंचवीस वर्षं आम्ही चाबूकच मारत होतो, हे लिहितानाही बरं वाटत नाही.

मात्र ताकोत्सुबो परत होऊ नये म्हणून ती गोळी हमखास कामी येते असं नाही. आईला दिली असेल तर कशासाठी ते डॉक्टरांना विचार.

आणि "टेन्शन मोठ्या साहेबांना" असं कुणी म्हणालं तर ऐकू नको. लंडनच्या सरकारी कचेऱ्यांत १९६७ पासून सुमारे १८ हजार पुरुषांवर लक्ष ठेवलं होतं. हृदयविकारानं मेले ते खालच्या पायरीवरचे जास्त, सगळ्यात वरच्यांच्या जवळपास तिप्पट. सिगारेट, बीपी सगळं हिशेबात धरूनही बरीच तफावत उरली. काम किती आहे यापेक्षा ते आपल्या हातात किती आहे, यावर बरंच असतं असं पुढं त्याच कचेऱ्यांतल्या दुसऱ्या अभ्यासातनं निघालं. तुझा पूर तुझ्या हातात नव्हता, फोन कधी वाजायचा तेही नाही. तेव्हा एक कर. पतसंस्थेत जाऊन महिन्यातला एक दिवस आणि एक वेळ ठरवून घे, की त्या दिवशी मीच येतो, मधे फोन करू नका. ऐकतील न ऐकतील. माझ्या मेव्हण्याचं ऐकलं होतं.

खानापूरची सिस्टर:

काकांनी सगळं सांगितलं, मी एकच भर घालते. आईच्या गोळ्या स्वतः मोजून बघा.

आमच्याकडं खेड्यांतनं नेहमीचं आहे हे. डिस्चार्जचा कागद इंग्रजीत, पाकिटावर खूण कन्नडमध्ये आणि घरात वाचणारं मराठी. कुणाची चूक म्हणून सांगत नाही, पण गोळी चुकते ती इथं. मागं एक मावशी "बरं वाटतंय" म्हणून बीटा ब्लॉकर आपल्या मनानं बंद करून बसल्या. चौथ्या दिवशी ठोके १३० नी आल्या. ही गोळी चालू असते तेव्हा पेशी कुलपं वाढवून ठेवते, काकांनी सांगितलंच. गोळी एकदम काढली की उघड्या कुलपांवर अॅड्रेनलिन तुटून पडतं. बंद करायचीच असेल तर डॉक्टर हळूहळू उतरवतात.

मी काय करते सांगू? रिकाम्या पाकिटाचा तुकडा वहीत चिकटवते आणि शेजारी मराठीत लिहिते, "सकाळी, चहानंतर, एक". ज्यांना वाचता येत नाही त्यांना सूर्य नि चंद्र काढून देते. एका आजीनं अमावस्येला गोळी घेतली नाही, चंद्र नव्हता म्हणून. तेव्हापासून चंद्राऐवजी ताट काढते.

दूधगंगाकाठ:

सिस्टर, तुमचं वाचून पाकिटं बघितली. पंधरा गोळ्यांच्या पाकिटात नऊ शिल्लक, खरं तर दोनच उरायला हव्या होत्या. आईला विचारलं तर म्हणाली, एक दिवसाआड घेते, महाग आहेत आणि तुझे हप्ते आहेत. मला काही बोलताच आलं नाही. लगेच डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले आजपासून रोज चालू करा आणि सोमवारी घेऊन या. त्याच गुणाची स्वस्तातली गोळी सरकारी जनऔषधीत मिळते, ती लिहून देतो म्हणाले.

दमाचं पण सांगितलं मी. आईनं माझ्याकडं रागानं बघितलं, पण मान हलवली.

माझी वही सुरू आहे. पाच दिवसांची सरासरी १४६/९४. रात्रपाळीच्या दिवशी जास्त येतंय. सोमवारी मी पण दाखवून घेतो. तंबाखू चार चिमटींवर आणली आहे, आधीचा आकडा विचारू नका. पतसंस्थेत गेलो होतो. मॅनेजर म्हणाला, दहा तारखेला येत जा, बघू. कालपासून फोन नाही. पण खिशात मोबाइल नसतानाही थरथरल्यासारखं होतंय.

एक शेवटचं विचारतो काका. यंदा आमच्याकडं सण नाही, पण आई म्हणते भाऊबीजेला मामाच्या घरी जायचंच, मामीला एकटं वाटेल. ती राखी अजून देव्हाऱ्यात आहे, ती पण घेऊन जाणार आहे म्हणते. नेऊ का? झेपेल का तिच्या हार्टला?

एकोवाले काका, वडगाव:

सोमवारी डॉक्टरांना विचार, त्यांनी हो म्हटलं तर ने. कोंडून ठेवून काय होतं ते मागच्या वेळी तीन दिवसांत बघितलंस.

सकाळची गोळी घेऊनच निघा. मामीच्या गळ्यात पडून रडेल, रडू दे, मधे पाणी घेऊन धावू नको. दम लागला, छातीत दुखलं, डाव्या हाताला कळ आली तर मात्र पाहुण्यांचं कुणाचं न ऐकता गाडी सरळ निपाणीला, आणि मागचा ईसीजी बरोबर असू दे. फाइल गाडीतच ठेव, घरी कपाटात नको.

सोमवारी काय झालं ते इथं लिही. भिंतीचं माप लिहिलं असेल तर मिलिमीटरसकट.